टाळूची ड्यूटी

मराठीनं तोंडातल्या आणि तोंडाभोवतीच्या बहुतेक अवयवांना पोटभर वाक्प्रचार दिलेत. नाकाला तर इतके, की नाक नसतं तर मराठी माणसाला धड भांडताही आलं नसतं. नाक मुरडायचं, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचं, नाकानं कांदे सोलायचे, नाकावर माशी बसू द्यायची नाही आणि एवढं सगळं करून समोरच्याच्याच नाकी नऊ आणायचे. जिभेला हाड नसतं, दात कोरून पोट भरत नाही, ओठात एक आणि पोटात एक असतं. राहता राहिली टाळू. तिच्या वाट्याला एकच वाक्प्रचार आला, मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाण्याचा, आणि तोही तिचा नाहीच. ती डोक्यावरची टाळू, तान्ह्या बाळाला तेल थापतात ती. तोंडात पार मागे, जिच्या टोकाला पडजीभ लोंबते, त्या मऊ टाळूबद्दल आपलं वाङ्मय चूप आहे. हाड तिलाही नाही. पण तसं तिला कोणी ऐकवतसुद्धा नाही.

मी भिलाईत जन्मलो, भिलाईत नोकरी केली, भिलाईतच पिकलो. त्यामुळे जे दिवसरात्र काम करतं पण ज्याच्या नावाची पाटी कुठे लागत नाही, अशा गोष्टीकडे माझं लक्ष लवकर जातं. आमच्या कारखान्यात पाहुणे येतात ते ब्लास्ट फर्नेस बघायला. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आले तेही पहिल्या फर्नेससाठीच. फर्नेसचा गॅस कुठल्या वाटेनं सोडायचा आणि कुठली वाट बंद ठेवायची, हे ज्याच्या हाती असतं तो व्हॉल्व्ह बघायला आजतागायत कोणी आलेलं नाही. तो गळायला लागला की मात्र सगळे धावतात, आणि तेव्हाही त्याला शिव्या द्यायलाच.

मऊ टाळू हा असलाच व्हॉल्व्ह आहे. फुप्फुसातली हवा घशात वर आली की तिच्यापुढे दोन वाटा असतात, तोंडाची आणि नाकाची. टाळू वर उचलली की नाकाची वाट बंद, खाली सोडली की उघडी. कामाचं स्वरूप एवढंच. एरवी गप्प बसून नाकानं श्वास घेत असताना ती खाली सैल पडलेली असते, आणि तोंड उघडून बोलायला लागलं की तिची ड्यूटी सुरू. 'मामांनी पाणी मागितलं' एवढं म्हणायला तिला खाली, वर, खाली, वर असे हेलपाटे घालावे लागतात. जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा मांसाचा तुकडा, पण कवटीच्या तळापासून दोन स्नायू निघून त्यात येऊन भिडतात आणि तिला मागे-वर खेचतात. ती नुसती झडपेसारखी उचलली जात नाही, मधोमध वाकते आणि घशाच्या मागच्या भिंतीला जाऊन टेकते. शेजारचा आणखी एक स्नायू कानाकडे जाणारी नळी उघडतो. रायपूरहून निघालेलं विमान मुंबईला उतरताना कानात दडे बसले, की आवंढा गिळा म्हणून सांगतात ते त्याच्याच भरवशावर.

या व्हॉल्व्हची तपासणी घरबसल्या होते. नाक चिमटीत धरा आणि म्हणा, 'बाबा, ती पोळी जळली.' वाक्य ठणठणीत येतं. पोळी जळल्याचा रागसुद्धा शाबूत राहतो. आता तसंच नाक धरून म्हणा, 'मी नागपूरला निघालो.' बी दागपूरला दिघालो. पहिल्या वाक्यात नाकाची वाट एकदाही उघडावी लागत नाही. दुसऱ्यात उघडते, पण पुढे दार तुम्हीच दाबून ठेवलेलं असतं. म आणि ब यांत ओठ सारखेच मिटतात, गळ्यातला कंपही तोच. फरक एकट्या टाळूचा. न आणि द, ण आणि ड, ङ आणि ग, हीच गत. आपल्या पूर्वजांनी वर्णमालेत प्रत्येक ओळीच्या शेवटी, पाचव्या जागेवर, टाळू खाली सोडून करायचा वर्ण नेमून ठेवला. पाणिनीनं तर नाक आणि तोंड दोन्हींतून उच्चारला जातो तो अनुनासिक, अशी व्याख्याच केली. एंडोस्कोपी नसताना. टाळूची एवढी कदर त्यानंतर फार कोणी केली नाही.

याच हिशेबानं एक जुना गैरसमज निकालात निघतो. सर्दी झालेल्याला आपण 'काय नाकात बोलतोयस' म्हणतो. वास्तविक सगळ्या गावात तो एकटाच असा असतो की ज्याला नाकात बोलता येत नाहीये. भिलाईत गणपती येतात ते पावसाळ्याच्या शेपटाला, म्हणजे ऐन सर्दीच्या हंगामात. मंडळाच्या आरतीला अर्धे लोक नाकं चोंदलेले. एका वर्षी माझ्या शेजारी उभे असलेले अकाउंट्सचे काका इतक्या भक्तिभावानं 'बग्गलबूर्ती बोरया' ओरडत होते, की पुढच्या रांगेतल्या पोरांनी तेच उचललं आणि विसर्जनापर्यंत चालवलं. काकांना वाटलं, पोरं आपल्याला साथ देतायत. तेव्हापासून मी सर्दीत बोलणं बेतून करतो. 'चहा दे' हे सर्दीतही राजासारखं म्हणता येतं. पाणी मागू नये, पाडी मिळतं.

पडजीभ हा टाळूचा दिसणारा भाग, त्यामुळे घरगुती उपचारांचा सगळा मारा तिच्यावर. लहानपणी खोकला हटेना तेव्हा आजीचं म्हणणं, पडजीभ वाढली. ती अंगठ्यावर हळद-मीठ घेऊन आली. शेजारच्या बिहारी काकींचं म्हणणं, 'कौआ गिर गया है', आणि त्यांनी माझ्या डोक्यावरच्या टाळूचे केस मुठीत धरून छताकडे ओढले. तोंडातली टाळू वर यावी म्हणून डोक्यावरची ओढायची, यातलं तर्कशास्त्र तेव्हाही माझ्या डोक्यावरून गेलं. दोन्ही उपचार एकदमच झाले. एक बाई खालून ढकलते आहे, एक वरून ओढते आहे. खोकला दोघींच्या भीतीनं गेला.

ही टाळू प्रत्यक्ष हलताना पाहण्याचा योग मला घोरण्यामुळे आला. झोपेत ती सैल पडते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या हवेत फडफडते, त्याला आपण घोरणं म्हणतो. आयुष्यभर नाइट शिफ्ट केलेला माणूस दिवसा घोरतो, हे बायकोला मान्य होतं. मी दोन्ही पाळ्यांत घोरायला लागल्यावर तिनं मला एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांपुढे उभं केलं. डॉक्टरांनी आधी 'आ करो' म्हणून आत टॉर्च मारला. यात एक गंमत आहे. स्वर उच्चारताना टाळू ई आणि ऊ ला जास्त उंच चढते, आ ला त्या मानानं कमी. म्हणजे ती जेव्हा सगळ्यात कमी मन लावून काम करते नेमका तेव्हाच साहेबांचा राउंड. पण ई म्हटलं तर जीभ आडवी येते आणि दिसत काही नाही, म्हणून आ.

मग त्यांनी नाकातून बारीक नळी घातली, तिच्या टोकाला कॅमेरा, आणि समोर पडद्यावर माझा आतला मुलूख. गुलाबी, ओला, कोणाचाच वाटू नये असा. डॉक्टर म्हणाले, 'पापा बोलिए.' मी पापा म्हणालो. पडद्यावर खालून एक गुलाबी उशी उठली, मागच्या भिंतीला टेकली आणि वाट गच्च बंद झाली. 'अब माँ बोलिए.' उशी खाली, दार सताड उघडं, आणि आवाज संपेपर्यंत उघडंच. मी ते पाच-सहा वेळा करून बघितलं. पापा, बंद. माँ, उघडं. शेवटी नळी आत असताना बोलता येईल तसं डॉक्टरांना विचारून मी 'आई' म्हणालो. दार बंद. मराठी आई आणि हिंदी माँ यांच्यासाठी माझ्या घशात वेगवेगळी व्यवस्था आहे, हे मला वयाच्या साठीत कळलं. बायको मागे उभी होती. ती म्हणाली, 'घोरण्याचं बघा आधी.'

तिथून खरी गोष्ट सुरू होते, कारण ही भिलाईची गोष्ट आहे. २ फेब्रुवारी १९५५ ला सोव्हिएत सरकारशी करार झाला आणि दुर्गजवळच्या माळावर देशभरातून माणसं गोळा झाली. मल्याळी, तेलुगू, बंगाली, पंजाबी, ओडिया, बिहारी, आम्ही वऱ्हाड-नागपूरकडचे, आणि मुळातले छत्तीसगढी. रशियनही आले. क्वार्टर वाटताना कोण कुठला हे कोणी बघितलं नाही, त्यामुळे एकेका जिन्यावर चार-चार भाषा आणि चार-चार प्रकारच्या टाळू नांदायला लागल्या. वरच्या मजल्यावरची चेची. तिच्या मल्याळममध्ये नाकातली व्यंजनं सहा, आपल्यापेक्षा एक जास्त. आपण ङ आणि ञ पहिलीत पाठ करतो आणि पुढे जन्मभर टिंबाखाली झाकून ठेवतो. ङ ला अंगावर कपडे घालून समाजात हिंडायला मिळतं ते 'वाङ्मय' सारख्या मोजक्या शब्दांत, म्हणजे जिथे कोणी जात नाही तिथे. चेची मात्र बाजारात उभी राहून कैरीला 'माङ्ङा' म्हणते, दुहेरी ङ, आणि स्वतःला 'ञान्'. आम्ही पोरं तिच्या दारात कैरी मागायला जायचो ते अर्धं कैरीसाठी, अर्धं त्या ङ साठी.

समोरचे हिंदीवाले, पंजाबी, बंगाली, ओडिया यांचा प्रकार निराळा. यांचे स्वरच नाकातून येतात. नुसता होकार द्यायचा म्हटलं तरी हिंदीत हाँ, पंजाबीत हाँ, ओडियात हँ, बंगालीत ह्यँ. टाळू सोडल्याशिवाय यांच्यात कोणी कशाला हो म्हणत नाही. छत्तीसगढी माणूस मात्र होकाराला 'हव' म्हणतो, नाक कोरडं ठेवून, आणि आम्हा विदर्भवाल्यांचाही तोच 'हव'. या एका शब्दावर आमची आणि त्यांची सोयरीक जुळते. पण मग सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात भाजीवाल्या बाईला भाव कमी का होत नाही म्हणून विचारावं आणि ती म्हणते, 'मँय नइ जानँव.' हे वाक्य नीट ऐकावं. म ला दार उघडतं, मँ भर उघडं, न ला उघडं, जानँव चं न आणि त्यापुढचं सगळं उघडं. मध्ये ज ला तेवढा दाब लागतो म्हणून दार क्षणभर मिटतं. इतका कमी त्रास टाळूला देऊन इतका पक्का नकार देणारं वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही. फ्रेंच लोक याच मालावर जगभर मिरवतात. पॅरिसमध्ये स्वर नाकातून आला की लोक प्रेमात पडतात, सुपेल्यात आला की आमची कॉन्व्हेंटची पोरं हसतात. माल एकच, दुकान वेगळं.

रशियनांच्या भाषेत असले स्वर आता नाहीत. त्यांच्या पूर्वजांच्या स्लाव्हमध्ये होते, हजारेक वर्षांपूर्वी रशियनमधून गेले, शेजारच्या पोलिशमध्ये राहिले. आपलंही तसंच झालं, फक्त आपण त्याचा कागद केला. पूर्वी मराठीत कां, नांव, घरीं, मीं, नाहीं असे ठिकठिकाणी अनुस्वार असत. प्रमाण बोलीतून ते उच्चार कधीच गेले होते. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळानं शुद्धलेखनाचे चौदा नियम केले आणि जो उच्चारला जात नाही तो अनुस्वार लिहायचा नाही असं ठरवून त्यांचा मृत्यूचा दाखला काढला. पुण्यातल्या टाळूंना एका ड्यूटीतून रीतसर निवृत्ती मिळाली. भिलाईत हे परिपत्रक पोचलं नाही. आम्ही घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी बोलत होतो. दिवसभर 'नहीं, नहीं' करून घरी आलेली टाळू जिना चढताना काही ड्यूटी संपवून येत नाही. 'मीं नाहीं जाऊन राहिलो' हे आमचं घरचं मराठी. महामंडळानं समोरच्या दारातून घालवलेले अनुस्वार आमच्याकडे मागच्या दारानं, हिंदीच्या ओळखीनं, परत कामाला लागले.

पलीकडे राजनांदगावात दिग्विजय कॉलेजात १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध शिकवत होते. घरची भाषा मराठी, कविता हिंदीत. त्यांच्या कवितेवर भरपूर लिहिलं गेलंय, त्यांच्या टाळूवर कोणीच लिहिलेलं नाही. संशोधकांनी विषय घ्यायला हरकत नाही.

आता माझी बायको पुण्याची. लग्न ठरवायला तिची आत्या आली होती. तिनं मला प्रश्न विचारले ते पगाराचे, पण ऐकत होती ती नाक. निघताना मेव्हण्याला हळूच, म्हणजे मला ऐकू जाईल इतपत हळू, म्हणाली, 'मुलगा चांगला आहे, जरा नाकात बोलतो.' गेली पस्तीसेक वर्षं ती आमच्या प्रत्येक फोनवर माझं मराठी स्वच्छ करते. यात दोन गोष्टी ती सोयीनं विसरते. एक, तिची आजी रत्नागिरीकडची आणि घरात चित्पावनी बोलायची. त्या बोलीत अनुनासिक स्वर इतके, की आजीबाई आमच्या क्वार्टरात आल्या असत्या तर समोरच्या बंगाली कुटुंबात सहज खपल्या असत्या. दुसरी गोष्ट आत्याच्या पत्रांची. तिचं शिक्षण १९६२ च्या आधीचं. ती अजूनही पत्रात 'नाहीं', 'कां', 'तूं' असं सगळं टिंबांसकट लिहिते आणि बोलते मात्र कोरडं. मी लिहितो कोरडं आणि बोलतो टिंबांसकट. आम्हा दोघांना एकत्र केलं तर एक पूर्ण जुना मराठी माणूस तयार होतो. पण ती माझ्याबरोबर एकत्र व्हायला तयार नाही.

तिचा मुख्य आक्षेप 'संसार' वर आहे. मी 'सन्सार' म्हणतो. हंस ला 'हन्स', अंश ला 'अन्श'. सगळं हिंदीच्या वळणावर. पुण्यात अनुस्वारापुढे स, श, ह आला की जीभ दातांमागे टेकत नाही, ओठ किंचित गोल होतात आणि नाकातला एक व सारखा आवाज येतो. सव्ँसार. मी तिला एकदा समजावून सांगायला गेलो की आत्या, दोन्हीकडे टाळू खालीच असते. माझ्यात जीभ तोंडाची वाट बंद करते, तुमच्यात उघडी ठेवते, म्हणजे शुद्ध शास्त्रानं बघितलं तर नाक आणि तोंड दोन्हींतून एकदम बोलता ते तुम्ही. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, 'जेवताना असलं बोलू नये.' आम्ही जेवत नव्हतो. फोनवर होतो.

शिवाय टाळूचा एक स्वभाव आहे, त्यावर महामंडळाचंही काही चालत नाही. जिभेच्या टोकाच्या मानानं ती मंद. वर-खाली व्हायला सेकंदाचा दहावा भाग लागतो म्हणा ना, आणि बोलण्यात तेवढा वेळही चैनीचा. म्हणून 'पान' मधला न यायच्या आधीच, आ चालू असतानाच, ती खाली यायला लागते आणि तो आ अर्धामुर्धा नाकातून जातो. पुण्यातल्या पानाचाही. खालीच राहिली तर बाबा चा मामा होईल, वर अडकली तर मामा चा बाबा. ज्यांची टाळू जन्मतःच दुभंगलेली असते त्यांना या साध्या प आणि ब साठी ऑपरेशन आणि मग महिनोन्महिने सराव करावा लागतो, तेव्हा कळतं आपण दिवसभर केवढी कसरत फुकटात करतो. चहा पिताना कोणी विनोद केला की चहा नाकातून येतो, तोही याच घाईचा प्रकार. गिळण्यासाठी वर गेलेल्या टाळूला हसण्यानं मध्येच खाली बोलावलेलं असतं. चेचीच्या नवऱ्याला हे आमच्याकडे इतक्यांदा झालंय, की तो आता विनोद संपेपर्यंत कप हातात धरून बसतो.

पण आत्याचा पुरता बंदोबस्त झाला तो अलीकडेच, आणि मी काही न बोलता. आमच्याकडे पंडवानी ऐकायची सवय आहे. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई आमच्याच कारखान्यात नोकरीला होत्या, २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, त्यामुळे त्यांच्याबद्दल आम्ही घरच्यासारखं बोलतो. पंडवानीत गायक महाभारत सांगतो आणि शेजारी बसलेला रागी वाक्यावाक्याला हुंकार भरतो. त्यानं हुंकार भरला नाही तर भीमाची गदा हवेतच राहते. तर परवा बायको स्पीकरवर आत्याला धाकट्या नणंदेच्या घरभरणीची कथा सांगत होती. कोण आलं, कोण नाही, कोणी कोणती साडी नेसली, बासुंदी कशी पातळ झाली. आणि पलीकडून पुण्याहून, कोरड्या उच्चारांच्या माहेरघरातून, रागी अखंड चालू होता. हं. हं. अं? हं. अंहं! ऊं. हंऽऽ. पाऊण तासात आत्यानं धड शब्द असा उच्चारला नाही. सगळे स्वर. सगळे नाकातून. टाळूला एकदा खाली सोडलं ते वर घेतलंच नाही. महामंडळानं चौदा नियमांत 'हं' ला हात लावला नाही, यात मला त्यांचा शहाणपणा दिसतो. लावला असता तर पुण्यातले फोन बंद पडले असते.

मी बायकोला खुणेनं फोन माझ्याकडे मागितला. म्हटलं, 'आत्या, एक सांगू कां?'

'सांग,' आत्या म्हणाली, 'पण त्या कां वरचं टिंब काढून.'

'पत्रात तर तुम्हीच देता ते.'

'हं,' आत्या म्हणाली.